संवेदनशील त्वचेसाठी घरगुती धुलाई द्रावण : कृती, राजधानी परिसरातील पाणी आणि मर्यादा

कपडे धुण्याच्या पावडरमुळे अंगाला खाज सुटते, लहान मुलांच्या मानेवर किंवा कोपराच्या आतील बाजूस पुरळ उठते, अशी शंका आल्यावर अनेक कुटुंबे बाजारातील डिटर्जंट बंद करून धुण्याचे द्रावण घरीच तयार करू लागतात. दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा व गाझियाबाद या शहरांचा समावेश असलेल्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात यासाठी प्रामुख्याने दोन प्रकार वापरले जातात. पहिल्या प्रकारात किसलेला साबण, धुण्याचा सोडा आणि टाकणखार यांचे मिश्रण करतात. दुसरा प्रकार रिठ्याच्या काढ्याचा असून तो भारतात पूर्वापार चालत आलेला आहे.

हे दोन्ही प्रकार घरगुती असले, तरी त्वचेवरील त्यांचा परिणाम सारखा नाही. कोणतेही द्रावण सौम्य ठरते की नाही, हे ते कोठे तयार झाले यावर अवलंबून नसते. धुतल्यानंतर कपड्याच्या धाग्यांत काय मागे उरते, यावर ते ठरते. हा उरलेला अंश द्रावणातील घटक, पाण्याचा प्रकार आणि कपडे विसळण्याची पद्धत या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. राजधानी परिसरातील पाण्याची स्थिती पाहता यातील दुसरी व तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

त्रास कशामुळे होतो?

कपड्यांच्या संपर्कातून होणाऱ्या त्वचादाहाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिला प्रकार क्षोभजन्य त्वचादाहाचा. यात एखादे तीव्र द्रव्य त्वचेच्या बाह्य थराला थेट इजा करते आणि त्वचा कोरडी, लाल व खरखरीत होते. हा त्रास कोणालाही होऊ शकतो. दुसरा प्रकार ऍलर्जीजन्य त्वचादाहाचा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा विशिष्ट द्रव्याला ओळखून प्रतिक्रिया देते. त्यामुळे ते द्रव्य अत्यल्प प्रमाणात असले, तरी पुरळ उठू शकते. डिटर्जंटमधील सुगंधी द्रव्ये, रंग आणि द्रवरूप उत्पादनांत वापरली जाणारी मिथाइल आयसोथायझोलिनोनसारखी परिरक्षके या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे ५ च्या आसपास असतो. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू मात्र ११ च्या जवळपास जातो. असे अल्कधर्मी अंश कपड्यात राहिले आणि त्यात घामाची भर पडली, तर आधीच इसब असलेल्या त्वचेचा दाह वाढू शकतो.

तथापि प्रत्येक खाजेचे कारण डिटर्जंट हेच असते, असे नाही. उत्तर अमेरिकेतील त्वचारोगतज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात ७३८ रुग्णांची चाचणी घेण्यात आली होती. त्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी रुग्णांमध्ये डिटर्जंटची ऍलर्जी असल्याचे आढळले. म्हणजेच डिटर्जंटची खरी ऍलर्जी तुलनेने विरळ असून, अर्धवट विसळलेल्या कपड्यांमुळे होणारा क्षोभ हा वेगळा विषय आहे.

कारणाचा शोध किती अनपेक्षित ठिकाणी पोहोचू शकतो, याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर पुरळ उठू लागले. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९४३ मध्ये त्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कपडे ओळखता यावेत म्हणून परीट त्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करीत असत आणि या खुणा जेथे अंगाला लागत, तेथेच पुरळ उठत होते. दोष साबणाचा नव्हता. बिब्बा अंगावर उततो, हे महाराष्ट्रातील ग्रामीण भागात आजही सर्वांना ठाऊक आहे. पुरळ शरीरावर नेमके कोठे उठते याकडे आधी लक्ष द्यावे, हा या घटनेचा बोध होय.

राजधानी परिसरातील पाणी

मुंबई व पुणे या शहरांना मुख्यत्वे धरणांचे पाणी मिळते. ते तुलनेने सुफेन, म्हणजे साबणाचा फेस सहज होऊ देणारे असते. दिल्लीतही यमुना, गंगा आणि भाक्रा प्रणालीतून आलेले शुद्धीकृत पाणी नळावाटे पुरविले जाते. तथापि राजधानी क्षेत्रातील अनेक वसाहती पूर्णपणे किंवा अंशतः कूपनलिका व टँकर यांवर अवलंबून आहेत. या भागातील भूजल अनेक ठिकाणी दुष्फेन आहे. दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील नजफगड परिसरात तर भूजलाला खारटपणाही आहे. मराठवाडा व विदर्भात कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या कुटुंबांनाही असाच अनुभव येतो.

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे ते दुष्फेन बनते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत देण्यात आली आहे. हे मानक पिण्याच्या पाण्यासाठी असले, तरी धुण्याच्या पाण्याचा अंदाज घेण्यासही ते उपयोगी पडते.

साबण दुष्फेन पाण्यात मिसळला, की त्याचा या क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटणारा हा थर कपड्यांच्या धाग्यांतही अडकतो. त्यामुळे कपडे ताठर व खरखरीत होतात आणि संवेदनशील त्वचेला घासत राहतात. किसलेल्या साबणाची कृती सुफेन पाण्याच्या गावी समाधानकारक ठरूनही राजधानी परिसरात फसते, त्याचे हेच कारण आहे.

दुष्फेन पाणी आणि इसब यांच्यातील संबंधावर ब्रिटनमध्ये बरेच संशोधन झाले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इसब असलेल्या ३३६ मुलांचा समावेश होता. घरात पाणी सुफेन करणारे यंत्र बसविल्याने या मुलांचा इसब अधिक बरा झाल्याचे दिसून आले नाही. मात्र दुष्फेन पाण्याने धुतलेल्या त्वचेवर साबणासारख्या द्रव्यांचा अंश अधिक प्रमाणात राहतो, असे २०१८ मधील एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. त्यामुळे महागडी यंत्रणा बसविण्यापूर्वी धुण्याच्या द्रव्याचे प्रमाण कमी करणे आणि कपडे नीट विसळणे, हे उपाय आधी करून पाहणे योग्य ठरते.

पाण्याची घरच्या घरी परीक्षा करणे सोपे आहे. एका स्वच्छ बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भरून त्यात साध्या साबणाचा लहानसा कीस टाकावा आणि बाटली जोराने हलवावी. भरपूर फेस येऊन खालचे पाणी स्वच्छ राहिल्यास पाणी सुफेन आहे, असे समजावे. फेस कमी येऊन पाणी दुधाळ झाल्यास ते दुष्फेन आहे. या परीक्षेसाठी डिटर्जंट वापरू नये, कारण त्याचा फेस दुष्फेन पाण्यातही येतो.

या भागातील अनेक घरांत आरओ शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठवून कपड्यांसाठी वापरले जाते. पाण्याची बचत म्हणून ही सवय चांगली आहे. परंतु या पाण्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्यापेक्षाही अधिक असते. ते फरशी पुसण्यासाठी वापरावे. संवेदनशील त्वचेच्या व्यक्तीचे कपडे विसळण्यासाठी ते टाळणे इष्ट होय.

रिठा, साबण आणि डिटर्जंट

भारतात हिंदुस्तान लिव्हर कंपनीने १९५९ मध्ये सर्फ ही पावडर बाजारात आणली. १९६९ मध्ये अहमदाबाद येथे करसनभाई पटेल यांनी निरमाचे उत्पादन सुरू केले आणि त्यानंतर डिटर्जंट पावडर सर्वसामान्यांच्या घरात पोहोचली. त्यापूर्वी साबणासोबतच राख, साजीखार, उत्तरेकडील मैदानांतील रेह नावाची खारी माती आणि रिठा यांचा वापर होत असे. राख, साजीखार व रेह ही तिन्ही द्रव्ये तीव्र अल्कधर्मी असून जाड सुती कपड्यांच्या भट्टीसाठी ती उपयोगी पडत. रेशमी व लोकरी वस्त्रे मात्र अल्काने खराब होतात. म्हणूनच शालू, पैठणी, पश्मिना शाली आणि लोकरी कपडे यांसाठी रिठा वापरण्याची प्रथा पडली. सोनारही दागिने उजळण्यासाठी रिठ्याचे पाणी वापरतात.

रिठ्याच्या फळाच्या टरफलात सॅपोनिन नावाचे फेस आणणारे द्रव्य असते. त्याच्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि मळ धाग्यांपासून सुटा होतो. कॅल्शियमच्या क्षारांशी संयोग होऊन त्याचा साबणासारखा साका बनत नाही आणि त्याचे द्रावण किंचित आम्लधर्मी असते. दुष्फेन पाणी व संवेदनशील त्वचा या दोन्ही दृष्टींनी हे गुण उपयुक्त आहेत. हिमालयाच्या पायथ्याकडील आणि दक्षिण भारतातील रिठ्याच्या जाती वेगळ्या असल्या, तरी धुण्यासाठी दोन्ही चालतात. रिठ्याच्या वंशाचे सॅपिंडस हे शास्त्रीय नावही ‘भारतीय साबण’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले आहे.

जुन्या दिल्लीतील खारी बावली या घाऊक बाजारात शिकेकाई व आवळकाठी यांबरोबर वाळलेला रिठाही मिळतो. इतरत्र तो काष्ठौषधींच्या दुकानांत उपलब्ध असतो. तयार पूड घेण्याऐवजी अखंड फळे घ्यावीत. पुडीत भेसळ ओळखणे कठीण असते. शिवाय रिठ्याची धूळ नाकात गेल्यास शिंकांचा त्रास होतो.

द्रावणाची कृती

एक लिटर द्रावणासाठी वाळलेल्या रिठ्याची सुमारे ५० ग्रॅम टरफले घ्यावीत. फळे फोडून आतील काळ्या कठीण बिया काढून टाकाव्यात, कारण धुण्यासाठी त्यांचा उपयोग नसतो. टरफले साध्या पाण्याने एकदा धुऊन धूळ काढावी आणि सव्वा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावीत. त्यासाठी शक्य असल्यास नळाचे किंवा पावसाचे पाणी वापरावे.

सकाळी हे सर्व मोठ्या पातेल्यात घेऊन मंद आचेवर १५ ते २० मिनिटे उकळावे. रिठ्याचे पाणी फेसाळून लगेच उतू जाते. म्हणून पातेले अर्ध्याहून अधिक भरू नये आणि त्याच्यापासून दूर जाऊ नये. थंड झाल्यावर टरफले हाताने किंवा डावाने कुस्करून पाणी दुपदरी सुती फडक्यातून गाळून घ्यावे. गाळ राहिल्यास कपड्यांवर डाग पडतात. म्हणून द्रावण दोनदा गाळणे चांगले. उरलेला चोथा आणखी अर्धा लिटर पाण्यात उकळून पायपुसणी, फरशीची फडकी अशा कपड्यांसाठी वापरता येतो.

तयार द्रावण तपकिरी रंगाचे व किंचित उग्र वासाचे असते. त्यात परिरक्षक नसल्याने ते लवकर आंबते. दिल्लीच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले द्रावण एका दिवसातही बिघडू शकते. शीतकपाटात ते चार-पाच दिवस टिकते. अधिक काळ ठेवायचे असल्यास बर्फाच्या साच्यात गोठवून लागतील तेवढे तुकडे काढावेत. आंबट वास आलेले किंवा बुरशी धरलेले द्रावण टाकून द्यावे. बाटलीवर नाव व तारीख लिहून ती खाण्याच्या पदार्थांपासून आणि मुलांपासून दूर ठेवावी.

सुगंधासाठी त्यात कोणतेही अत्तर किंवा वनस्पतिजन्य तेल मिसळू नये. ही तेले नैसर्गिक असली, तरी त्यांतील घटकांमुळे ऍलर्जी होऊ शकते आणि द्रावण घरी करण्याचा मूळ हेतूच विफल होतो.

वापर आणि विसळणे

दहा लिटरच्या बादलीसाठी १०० ते १५० मिलिलिटर द्रावण पुरेसे होते. पाणी कोमट असल्यास परिणाम अधिक चांगला मिळतो. मळ सुटण्यासाठी कपडे अर्धा तास भिजवावेत आणि कॉलर, बाह्या यांसारखे भाग हाताने चोळावेत. रिठ्याचा फेस डिटर्जंटपेक्षा कमी येतो. फेस कमी म्हणजे मळ निघाला नाही, असे समजून प्रमाण वाढवू नये.

धुलाई यंत्रातही सुमारे १०० मिलिलिटर द्रावण वापरता येते. काही ठिकाणी रिठ्याची टरफले पुरचुंडीत बांधून थेट यंत्रात टाकण्याचा सल्ला दिला जातो. स्वयंचलित यंत्रात ही पुरचुंडी कपडे विसळले जात असतानाही आतच राहते आणि शेवटच्या पाण्यातही सॅपोनिन सोडत राहते. त्यामुळे संवेदनशील त्वचेसाठी गाळलेले द्रावणच श्रेयस्कर होय. यंत्रात जादा पाण्याने विसळण्याची सोय असल्यास ती सुरू ठेवावी आणि कपडे क्षमतेपेक्षा कमी भरावेत.

विसळण्याचे गणित लक्षात घेण्याजोगे आहे. पिळलेल्या कपड्यांत एक लिटर पाणी राहिले आहे, असे मानू. त्यात नऊ लिटर स्वच्छ पाणी घालून कपडे पुन्हा तितकेच पिळल्यास धुण्याच्या द्रव्याचा साधारण दहावा भाग उरतो. हीच क्रिया दुसऱ्यांदा केल्यास शंभरावा आणि तिसऱ्यांदा केल्यास हजारावा भाग उरतो. याउलट अठरा लिटर पाणी एकाच वेळी वापरल्यास सुमारे एकोणिसावा भाग कपड्यांतच राहतो. काही द्रव्ये धाग्यांना चिकटून बसत असल्याने प्रत्यक्षात आकडे काहीसे वेगळे येतात. तरीही उपलब्ध पाणी दोन-तीन वेळा विभागून वापरणे आणि दर वेळी कपडे नीट पिळणे, हे एकाच मोठ्या बादलीपेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते. टँकरच्या पाण्यावर विसंबून असलेल्या वसाहतींसाठी ही बाब विशेष मोलाची आहे. डिटर्जंट वापरणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो.

पाणी फार दुष्फेन असल्यास शेवटच्या दहा लिटर पाण्यात एक सपाट चमचा लिंबूसत्व विरघळवून कपडे त्यातून काढावेत. त्यामुळे उरलेला अल्कधर्मी अंश कमी होतो आणि कपडे मऊ राहतात. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर कोणत्याही परिस्थितीत क्लोरीनयुक्त ब्लीचबरोबर वापरू नये. या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

रिठ्याच्या मर्यादा

रिठ्याचे द्रावण नेहमीच्या घामासाठी, हलक्या मळासाठी आणि तान्ह्या मुलांच्या रोजच्या कपड्यांसाठी पुरेसे होते. तेलाचे डाग, शाळेच्या गणवेशावरील शाई किंवा वाहनांचे वंगण यांपुढे त्याची शक्ती कमी पडते. पांढऱ्या कपड्यांवर कालांतराने फिकट तपकिरी छटा येऊ शकते. बाळाचे लंगोट नुसत्या रिठ्याने धुतल्यास ते निर्जंतुक होत नाहीत. मळ काढून झाल्यावर ते उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवून कडक उन्हात वाळवावेत.

रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ होते. तसे झाल्यास डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. सॅपोनिन माशांना घातक असते. मासे पकडण्यासाठी अशा वनस्पतींचा वापर पूर्वी केला जात असे. त्यामुळे हे पाणी घरातील मत्स्यपेटीत किंवा लहान तळ्यात जाऊ देऊ नये. क्वचित एखाद्या व्यक्तीला रिठ्याचाही त्रास होऊ शकतो. म्हणून आरंभी एकच सुती सदरा रिठ्याने धुऊन दोन-तीन दिवस वापरून पाहावा आणि त्यानंतर इतर कपड्यांसाठी त्याचा वापर सुरू करावा.

कोणते घटक टाळावेत?

धुण्याचा सोडा पाणी सुफेन करतो, हे खरे आहे. परंतु तो तीव्र अल्कधर्मी असल्याने अर्धवट विसळल्यास त्वचेला झोंबतो. लोकर व रेशीम यांसाठी तो मुळीच वापरू नये. टाकणखाराचा समावेश अनेक परदेशी कृतींत आढळतो. मात्र प्रजननक्षमतेला अपायकारक द्रव्यांमध्ये युरोपीय संघाने त्याची गणना केली असून, लहान मुले असलेल्या घरात तो उघडा ठेवणे धोक्याचे आहे. खाण्याचा सोडा सौम्य असला, तरी त्याने मळ फारसा निघत नाही. सोडा व व्हिनेगर एकत्र केल्यास फसफस होते, परंतु दोघेही परस्परांना निष्प्रभ करतात.

कॉस्टिक सोडा आणि तेल यांपासून साबण तयार करण्याचा प्रयोग अनुभव नसताना घरात करू नये. कॉस्टिक सोड्यामुळे त्वचेला व डोळ्यांना गंभीर इजा होते. जुन्या दिल्लीतील तिलक बाजार हा रसायनांचा बाजार आहे. अशा बाजारांतून ऍसिड स्लरी व सोडा आणून पावडर तयार करणारे लहान व्यवसाय अनेक शहरांत आहेत. ऍसिड स्लरी हे दाहक आम्ल आहे. योग्य प्रमाणात अल्क मिसळले गेले नाही, तर तयार पावडरमध्ये आम्ल किंवा अल्क शिल्लक राहते. सुट्या स्वरूपात मिळणाऱ्या या पावडरीलाही ‘घरगुती’ म्हटले जाते. संवेदनशील त्वचेसाठी मात्र ती अयोग्य आहे.

अशा निकृष्ट उत्पादनांचा प्रश्न त्वचेपुरता मर्यादित नाही. कालिंदी कुंज येथे यमुनेवर छठपूजेच्या सुमारास दिसणाऱ्या पांढऱ्या फेसामागे प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातील डिटर्जंट व फॉस्फेट ही महत्त्वाची कारणे मानली जातात. राष्ट्रीय हरित लवादाच्या निर्देशांनंतर जून २०२१ मध्ये दिल्ली सरकारने भारतीय मानक ब्यूरोच्या सुधारित निकषांत न बसणाऱ्या साबण व डिटर्जंटची विक्री, साठवणूक व वाहतूक यांवर बंदी घातली. घरगुती डिटर्जंट पावडरसाठी आयएस ४९५५ हे मानक आहे. ज्यांना रिठा वापरणे शक्य नाही, त्यांनी मानकचिन्ह असलेले, सुगंध व रंगविरहित डिटर्जंट वेष्टनावरील प्रमाणापेक्षा अधिक न घेता वापरावे.

कपडे विसळताना जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी मुलायमकारक घालण्याची सवयही टाळावी. त्यांचा अंश हेतुपुरस्सर कपड्यात ठेवला जातो आणि तोच त्वचेच्या संपर्कात येतो.

धुणाऱ्या हातांची काळजी

कपडे घालणाऱ्या व्यक्तीच्या त्वचेची चर्चा होते. मात्र कपडे धुणाऱ्या व्यक्तीच्या हातांकडे दुर्लक्ष होते. कपड्यात डिटर्जंटचा अंशच उरतो, परंतु धुणाऱ्याचे हात पूर्ण तीव्रतेच्या द्रावणात असतात. गृहिणी आणि दिवसातून अनेक घरांत धुणीभांडी करणाऱ्या घरकामगार महिला यांच्यात हातांचा इसब हा नेहमी आढळणारा विकार आहे. दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यात हातांना भेगा पडून तो बळावतो.

अशा वेळी आतून पातळ सुती व बाहेरून नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. रबराच्या हातमोज्यांचीही काहींना ऍलर्जी असते. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. कामावर येणाऱ्या महिलेला हातमोजे पुरविणे आणि पावडरीचे प्रमाण मोजून देणे, ही घरमालकांची जबाबदारी आहे.

वाळवणे आणि साठवणे

धुण्याचे द्रावण बदलूनही त्रास कमी झाला नाही, तर कपडे वाळत घालण्याच्या जागेकडे पाहावे. गाजरगवत हे उत्तर भारतात हवेतून होणाऱ्या त्वचादाहाचे प्रमुख वनस्पतिजन्य कारण आहे. १९५० च्या दशकात पुणे परिसरात या तणाचा फैलाव प्रथम ठळकपणे लक्षात आला. त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे महत्त्वाचे आरंभीचे संशोधनही पुण्यातच झाले. राजधानी परिसरात मोकळे भूखंड, रेल्वेमार्ग व नाल्यांच्या कडेला पावसाळ्यानंतर हे गवत भरभरून वाढते. त्याचे वाळलेले सूक्ष्म कण कपड्यांवर बसतात. अशा जागेजवळ कपडे वाळत घालू नयेत आणि घरात आणण्यापूर्वी ते झटकावेत.

हिवाळ्यापूर्वी पेटीतून काढलेल्या लोकरी कपड्यांबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होऊन गंभीर कावीळ होऊ शकते. म्हणून तान्ह्या मुलांचे कपडे या गोळ्यांसोबत ठेवूच नयेत. नवे कपडेही अंगात घालण्यापूर्वी एकदा धुवावेत. कापड चुरगळू नये म्हणून केलेल्या प्रक्रियेतील फॉर्माल्डिहाइडचा अंश त्यात असू शकतो.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

द्रावण बदलल्यानंतर तीन ते चार आठवडे त्वचेचे निरीक्षण करावे. या काळात तेल, अंगाचा साबण किंवा इतर प्रसाधने बदलू नयेत. अन्यथा फरक कशामुळे पडला, हे कळत नाही. त्रास कायम राहिल्यास, पुरळातून पाणी किंवा पू येऊ लागल्यास, ताप आल्यास अथवा अर्भकाच्या अंगावर पुरळ पसरत गेल्यास घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ञांना दाखवावे. गोल, कडा लाल असलेले व पसरणारे चट्टे बहुधा नायट्याचे असतात. ते धुण्याचे द्रावण बदलून बरे होत नाहीत आणि स्टेरॉइडयुक्त मलमांनी अधिक चिघळतात.

ऍलर्जीचे नेमके कारण शोधण्यासाठी पॅच चाचणी केली जाते. यात विविध द्रव्यांचे अल्प प्रमाण पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी पट्ट्या काढतात. त्यानंतर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पुन्हा तपासणी होते. भारतीय रुग्णांसाठी या द्रव्यांचा स्वतंत्र भारतीय संच उपलब्ध आहे. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, सफदरजंग, राममनोहर लोहिया व लोकनायक या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. घरातील डिटर्जंट थेट त्वचेवर बांधून स्वतःच चाचणी घेण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यामुळे निरोगी त्वचाही भाजते.

तज्ञांकडे जाताना वापरातील पावडर किंवा साबणाचे वेष्टन, पाणी कोठून येते याची माहिती आणि पुरळ प्रथम कोठे व केव्हा उठले याची टिपणी सोबत न्यावी. त्यामुळे निदानाला मोठी मदत होते.